जुनी पोलो जीटी किंवा तसलीच टर्बो हॅचबॅक घेताय? नाशकात गाडी कशी तपासायची आणि खिशात वर किती ठेवायचे

दर पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी विचारतंच, दादा जुनी पोलो जीटी टीएसआय मिळतेय, साडेचार लाखाला बसतेय, घेऊ का. माझं उत्तर ठरलेलं. साडेचारला गाडी नाही मिळत भावा, साडेचारला फक्त आरसी तुझ्या नावावर होते, गाडी चालवायचे वेगळे लागतात. ते वेगळे किती, हे टोकन द्यायच्या आधीच काढता येतं, त्याला फक्त एक सकाळ, एक संध्याकाळ आणि एका मिसळीचे पैसे लागतात. कसं ते सांगतो.

आधी कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय (टीएसआय म्हणजे त्यांचं टर्बो पेट्रोल इंजिन, आणि टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) २०१३ ला आली, १.२ लिटर चार सिलिंडर टर्बो, १०५ पीएस, १७५ एनएम टॉर्क, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक. २०२० ला १.० टीएसआय आलं, ११० पीएस, त्यात डीएसजी जाऊन साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर देणारा ऑटोमॅटिक, आला, आणि २०२२ ला पोलोच बंद झाली. बनायची आपल्या चाकणला. मग बलेनो आरएस, २०१७ ची, १.० बूस्टरजेट, १०२ पीएस. अबार्थ पुंटो १४५ पीएसची, तिच्यावर जीव टाकणारी पोरं वेगळीच असतात. आय-२० एन लाइन २०२१ पासून, १२० पीएस. अल्ट्रोझ आयटर्बो. आणि डिझेलवाल्यांची लाडकी फिगो १.५. स्विफ्ट मॅन्युअल पण यात धरतो कारण कसारा घाटात ती पण मजा देते आणि तिचा पार्ट गल्लीत मिळतो.

जास्त बोलणार पोलोबद्दल कारण विचारणारे नव्वद टक्के तिचंच विचारतात.

सकाळी सातला जा, सांगून जाऊ नका

म्हणजे येणार एवढं सांगा, पण "गाडी चालू करू नका, मी आल्यावर करू" हे आदल्या रात्री सांगा आणि पोचल्या पोचल्या पहिला हात बोनेटवर ठेवा. गरम असेल तर चहा घ्या आणि परत या, दुसऱ्या दिवशी. मी माझी पहिली टर्बो गाडी, कुठली ते सांगत नाही उगाच भांडणं लागतात, मे महिन्यात दुपारी दोनला बघायला गेलो होतो, बोनेट तापलेलं होतं तर मालक म्हणाला आत्ताच पोरगा दूध घेऊन आला. दुपारी दोनला दूध. मला तेव्हा पण खटकलं होतं पण लाल रंग बघून अक्कल गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पार्किंगमध्ये चालू केली तर पहिले तीन-चार सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. टायमिंग चेन सैल. बेचाळीस हजार. गाडीची चूक नाही, माझी.

तर कोल्ड स्टार्ट म्हणजे काय ऐकायचं. १.२ टीएसआयच्या जुन्या कुळातल्या इंजिनाला टायमिंग चेन असते आणि तिचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, ढिला पडतो, मग गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी खळखळ येते, ऑइलचं प्रेशर चढलं की बंद होते. म्हणूनच गरम गाडीत ती ऐकूच येत नाही. नंतरच्या ईए-२११ कुळातल्या इंजिनाला बेल्ट असतो, तिथे ही खळखळ नाही पण बेल्ट वयाने पण पिकतो, फक्त किलोमीटरवर जाऊ नका. चेन किट मजुरीसकट तीस ते पन्नास हजार, बेल्टचं काम पंधरा ते पंचवीस. चेन तुटली किंवा दात सोडले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग हेड उघडायचं, तिथून पुढचा हिशोब मी करत नाही. नाशकात डिसेंबर-जानेवारीत पहाटे जी थंडी पडते ना, निफाडकडे तर विचारूच नका, त्या दिवसांत जुनी गाडी बघायला जाणं सगळ्यात भारी, थंडीत सगळी आजारपणं उघडी पडतात.

चालू झाल्यावर मागे जा, धूर बघा. निळसर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे ऑइल जळतंय, रिंग नाहीतर टर्बोचं सील. पांढरा धूर थंडीत थोडा चालतो, पाणी असतं ते, पण इंजिन तापल्यावर पण येतोय आणि कूलंट कमी होतंय तर हेड गॅस्केट, नमस्कार करून निघा. डिपस्टिक काढा. ऑइल तळाला असेल तर मालकाने गाडी कशी सांभाळलीय ते कळलं, टर्बो ऑइलवरच जगतो. या इंजिनांना ५ डब्ल्यू ४० फुल सिंथेटिक आणि त्यातही फोक्सवॅगनचं ५०२ ०० स्पेसिफिकेशन लागतं, बिलावर तो आकडा शोधा. "ऑइल चांगलंच टाकतो" याला बिल म्हणत नाहीत.

इंजिन थरथरतंय, पिकअप देताना हुंदका देतंय, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे मिसफायर, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि दहातल्या सात वेळा ते कॉइल किंवा प्लग असतात. कॉइल एक अडीच ते साडेचार हजार, चार प्लग मिळून अडीच ते चार हजार. घाबरू नका, पण भाव पाडायला वापरा. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, थेट सिलिंडरमध्ये, म्हणून व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि लाखभर किलोमीटरला त्यांच्यावर काजळीचा थर बसतो. मॅनिफोल्ड काढून साफ करावा लागतो, काही जण अक्रोडाच्या सालीची भुकटी हवेने मारून करतात, दहा ते पंधरा हजार. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटलीने हे होत नाही, कोणी कितीही शपथा घेवोत, कारण बाटलीतलं पण तिथून जातच नाही ना.

कूलंटची टाकी बघा, फोक्सवॅगनचं कूलंट गुलाबी-जांभळं असतं. ईए-२११ ला वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं असतं, ते झिरपतं, आणि झिरपलं की तिथे वाळलेली गुलाबी पापडी दिसते. टॉर्च मारून बघा. दहा ते अठरा हजार. टाकीत नुसतं पाणी दिसलं, त्यातही बोअरचं खारट, तर हे लिकेज जुनं आहे आणि मालक रोज तांब्या ओततोय.

आता डीएसजी, कारण खरं दुखणं इथे आहे

१.२ वाल्या जीटीचा गिअरबॉक्स म्हणजे डीक्यू २००. आत दोन क्लच, एकाकडे १-३-५-७, दुसऱ्याकडे २-४-६ आणि रिव्हर्स. दोन्ही कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. मोकळ्या रोडवर लोण्यासारखा चालतो, गिअर कधी पडला कळत नाही. पण ट्राफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने सरकवली की क्लच अर्धा लागतो अर्धा सुटतो, घासतो, तापतो. आणि त्याला चालवणारा मेकॅट्रॉनिक, म्हणजे कॉम्प्युटर, सेन्सर आणि हायड्रॉलिक पंप एकाच डब्यात कोंबलेले, तो पण त्याच उष्णतेत. त्याच्या आतला जो प्रेशर साठवणारा भाग असतो तिथे घराला तडा जातो, प्रेशर पडतं, आणि स्कॅनरवर पी-१७बीएफ नावाचा कोड येतो. हा कोड दिसला की हात जोडा. बाकी ही नाशिकची किंवा भारताची स्पेशल कटकट नाही हं, २०१३ च्या नोव्हेंबरात फोक्सवॅगनने जगभरातल्या १६ लाख गाड्या या गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायला बोलावल्या होत्या, गरम दमट हवा आणि थांबत-थांबत चालणारं ट्राफिक असलं की आत शॉर्ट व्हायचे म्हणून.

लक्षणं काय तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका, दुसऱ्यातून पहिल्यावर येताना थरथर, रिव्हर्स टाकल्यावर गाडी विचार करते मग निघते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मीटरवर गिअरची अक्षरं लुकलुकायला लागणं. मग सम नाहीतर विषम गिअर गायब होतात आणि तुम्ही मुंबई नाक्याच्या सर्कलवर मधोमध उभे.

हे तपासायचं कसं? सकाळच्या मोकळ्या गंगापूर रोडवर अजिबात कळत नाही, विकणारा तिथेच फिरवतो. गाडी संध्याकाळी सहाला परत मागा आणि द्वारका चौकात घाला. तिथून नाशिकरोडच्या दिशेने, जेवढं ट्राफिक मिळेल तेवढं घ्या, अर्धा पाऊण तास. डी मध्ये ठेवा, ब्रेक हलका सोडून सरकवत राहा. द्वारकेचा जॅम आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या कामाला येतोय, उपयोग करा. पाऊण तासानंतर पण झटका नाही, थरथर नाही, तर क्लच ठीक आहेत असं धरायला हरकत नाही. त्यानंतर पांडवलेणीच्या पायथ्याशी चढावर थांबवा, ब्रेक सोडून निघा, मागे जास्त घसरली किंवा धक्का मारून निघाली तर शंका.

मग मिसळ. मजाक नाही करत. गाडी चांगली तापलेली असताना बंद करा, पंधरा-वीस मिनिटं बसा, रस्सा मागा, आणि परत चालू करा. बंद केल्यावर बोनेटखालची उष्णता अजून वर चढते, अर्धमेला मेकॅट्रॉनिक, कमजोर झालेला पेट्रोल पंप, बिघडलेला टेम्परेचर सेन्सर, सगळे याच वेळी नाटकं करतात. विकणाऱ्याला पण मिसळ खाऊ घाला, तो खूश होतो आणि बोलताना दोन गोष्टी जास्तीच्या सांगून जातो.

पैसे. क्लच पॅक सत्तर हजार ते सव्वा लाख. मेकॅट्रॉनिक रिपेअर करणारे स्पेशालिस्ट चाळीस ते ऐंशी हजार घेतात, नवीन टाकायचा तर दीड ते अडीच लाख. म्हणजे साडेचारच्या गाडीत अर्धी किंमत एका डब्याची. हे सगळे आकडे ढोबळ आहेत, गॅरेज बदललं की बदलतात, पण शून्य तेवढेच राहतात. भंगारातला मेकॅट्रॉनिक स्वस्तात बसवून देतो म्हणणारे भेटतील. तो ज्या गाडीतून निघालाय ती गाडी भंगारात का गेली हे एकदा विचारा.

म्हणून माझं मत सरळ आहे, ज्याला ऑटोमॅटिकच पाहिजे आणि रोज सीबीएस ते नाशिकरोड असं करायचंय त्याने १.० टीएसआयची टॉर्क कन्व्हर्टरवाली घ्यावी, दोन लाख जास्त गेले तरी. जीटी १.२ त्याने घ्यावी ज्याला ती फक्त शनिवार-रविवारी त्र्यंबक रोडला पळवायचीय आणि ज्याच्या बँकेत दीड लाख गाडीच्या नावाने बाजूला पडून राहू शकतात.

रिमॅप

स्पोर्टी गाडी, तरुण मालक, म्हणजे ९९ टक्के कधीतरी रिमॅप झालीय, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललंय, असंच समजून चाला. विकायच्या आधी परत स्टॉक मॅप, म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर, टाकतात, मग कळणार कसं? एअर फिल्टर बाहेरच्या कंपनीचा, एक्झॉस्टला नवीन वेल्डिंग, बूस्टच्या (टर्बोच्या दाबाच्या) मीटरसाठी डॅशबोर्डला पाडलेलं आणि मग बुजवलेलं भोक, पुढचे टायर मागच्यापेक्षा खूप जास्त झिजलेले. डीक्यू २०० बनवलाय २५० एनएमपर्यंतच्या टॉर्कसाठी, रिमॅपवाला त्याच्या काठावर नेऊन ठेवतो आणि वर कोरडे क्लच. मला रिमॅपचा राग नाही, मी पण केलंय, पण दुसऱ्याने पिळलेली गाडी त्याच भावात का घ्यायची.

टर्बो तपासायला तिसऱ्या गिअरमध्ये दीड-दोन हजार आरपीएमवरून पूर्ण दाबा. भरीव खेच यायला पाहिजे. शिट्टी वाढत जाऊन रडल्यासारखी वाटली, किंवा फुस्स होऊन जोर गेला, तर पाइप सुटलाय, इंटरकूलरला लिक आहे, नाहीतर टर्बो संपलाय. पाइप असेल तर दोन-पाच हजारात सुटलात, आतली कार्ट्रिज बदलायला वीस ते पस्तीस, नवीन टर्बो साठ हजाराच्या पुढे. १.२ टीएसआयला वेस्टगेटची, म्हणजे टर्बोचा जास्तीचा दाब सोडणाऱ्या झाकणाची, काडी खुळखुळते, तो पत्र्याचा बारीक आवाज ऐकून बऱ्याच जणांना टर्बो बदला सांगितलं जातं, आधी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा.

खालचं काम

इथे नाशिककराला वेगळं काही सांगायला नको, पावसाळ्यानंतरचे आपले खड्डे आणि गल्लोगल्लीचे बिनरंगाचे स्पीडब्रेकर. खिडक्या खाली, म्युझिक बंद, दहाच्या स्पीडने ब्रेकरवरून तिरकी घ्या. कट-कट म्हणजे लिंक रॉड, धप म्हणजे लोअर आर्मचे बुश, स्टेअरिंग फिरवताना कुरकुर म्हणजे स्ट्रटचा माउंट किंवा त्याची बेअरिंग. लिंक रॉड आणि बुशचं काम तीन ते आठ हजारात होतं, पुढचे दोन शॉकअप माउंटसकट बारा ते अठरा. साठनंतर हूंऽऽ असा आवाज येतो आणि वळणावर कमी-जास्त होतो तर व्हील बेअरिंग, तीन-पाच हजार. डी मध्ये उभी असताना सीटला थरथर म्हणजे इंजिन माउंट, एक चार ते आठ हजार.

टायरवरचा चार आकडी नंबर वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आणि साल जुनं अशी गाडी समृद्धीला घेऊन जाऊ नका, तिथे काँक्रीटवर भर उन्हात तासनतास १२० नी चालवताना जुना टायर फाटतो. १८५/६० आर १५ चा टायर पाच-साडेपाच ते सातला, १९५/५५ आर १६ सात ते नऊ.

एसी उन्हाळ्यात बघा, नसेल जमत तर दुपारी उन्हात उभी करून बघा. कूलिंग कॉइल लिक असेल तर गॅस भरून विकतात, महिनाभर चिल्ड, मग कोमट. डॅशबोर्ड उघडावा लागतो, आठ ते पंधरा हजार, आणि उघडल्यावर डॅशबोर्ड आयुष्यभर किरकिर करतो ते वेगळं.

पुराची गाडी. ४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडाला, नदीकाठच्या पार्किंगमधल्या गाड्यांचं काय झालं असेल विचार करा. पाणी काय एका वर्षीच येतं असंही नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटचा भाग बघा, तिथे मातीची रेघ राहते, धुवायला कोणी जात नाही. डिकीतला स्पेअर काढून खालचा खड्डा, सीटखालचे वायरचे सॉकेट, हिरवट झालेत का. ओल्या मातीचा वास परफ्यूमने झाकत नाही. गाडी बाहेरच्या जिल्ह्यातली असेल तरी हे बघाच.

स्कॅनर

साधा ब्लूटूथ ओबीडी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर, पाचशे ते दीड हजारात मिळतो, इंजिनचे कोड दाखवतो, गिअरबॉक्सचे नीट दाखवत नाही. फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस नाहीतर ओबीडीइलेव्हन असलेला माणूस शोधा, हजार-पंधराशे घेईल, मेकॅट्रॉनिकचे कोड आणि क्लच किती शिल्लक आहे त्याचा अंदाज देईल. एक मात्र बघायचं, कोड आदल्या दिवशी पुसलेत का. सगळे मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या स्वतः करते त्या तपासण्या, "तयार नाही" दाखवत असतील तर काल रात्रीच पुसलेत, शंभर टक्के नाही पण जवळपास.

मीटर मागे फिरवलंय का ते सर्व्हिस रेकॉर्डवरून कळतं, चेसिस नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपला इतिहास मागा, मालक सोबत असला की देतात. स्टेअरिंगचं चामडं गुळगुळीत, ब्रेक पॅडलचं रबर एका बाजूने संपलेलं आणि मीटर म्हणतंय ३८ हजार, तर मीटर खोटं बोलतंय.

बाकीच्या गाड्यांचं पटकन. अबार्थ चालवायला वेड आहे पण फियाटने २०१९ ला इथलं उत्पादन बंद केलं, पार्टसाठी फोनाफोनी करायची तयारी ठेवा, पुण्या-मुंबईच्या ओळखी लागतात. फोर्डने २०२१ ला कारखाने बंद करायचं जाहीर केलं तरी फिगोचे रोजचे पार्ट मिळतात, डिझेल इंजिन दणकट. बलेनो आरएसला टर्बोचे खास पार्ट सोडले तर बाकी सगळं साध्या बलेनोचं. स्विफ्टला काय विचारायचं, क्लच प्लेट मध्यरात्री पण मिळेल.

ई-२० पेट्रोलचं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, पण विचारतात. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, अ‍ॅव्हरेज थोडा पडतो, जुने रबरी पाइप आणि सील लवकर कडक होतात. घेतल्यावर पेट्रोलचे पाइप एकदा बघून घ्या, वास येत असेल तर लगेच.

भाव

सगळं बघून झालं की तिथेच, मालकासमोर, मोबाईलवर बेरीज करा. मनात नको, समोर. समजा मागणी चार साठ. टायर चार, सव्वीस हजार. पुढचे शॉकअप आणि बुश अठरा. कूलिंग कॉइल बारा. पहिली सर्व्हिस प्लगसकट अकरा. झाले सदुसष्ट. मग तुमची बोली तीन नव्वदपासून सुरू होते, आणि हे तुम्ही म्हणत नाही, बेरीज म्हणतेय, त्यामुळे वाद कमी होतो. डीएसजीचा लाख-दीड लाखाचा फंड यात धरायचा नाही, तो तुमचा तुमच्याकडे.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदला, आधीच्याने काल बदललं असेल तरी. डीएसजी असेल तर सिग्नलला ब्रेक पूर्ण दाबून थांबा, क्लच सुटतो, चढावर अ‍ॅक्सिलरेटरने धरून ठेवू नका. कसारा चढून आलात की बंद करायच्या आधी मिनिटभर नुसती चालू ठेवा, टर्बो थंड होतो.

कागद पेठ रोडच्या आरटीओत, फॉर्म २९ आणि ३०, लोन असेल तर ३५ आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या आरटीओची पासिंग असेल तर २८. विमा चौदा दिवसांत नावावर करा, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढे हप्त्यात वाढतात. आणि फास्टॅग काढायला लावा काचेवरून, तिथल्या तिथे. माझ्या मित्राने दोन वर्षांपूर्वी गाडी विकली, फास्टॅग राहिला, घोटी टोलचे मेसेज त्याला अजून येतात, नवीन मालक दर शुक्रवारी मुंबईला जातो आणि रविवारी रात्री परत येतो एवढं त्याला पाठ झालंय.